एक मनोरा, सारे खोरे

शिवथरघळीचे नाव ठाऊक नाही असा मराठी विद्यार्थी विरळाच. समर्थ रामदासांनी येथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात, महाडपासून सुमारे ३० किलोमीटर आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी हे शिवथरचे खोरे आहे. भोवती उंच डोंगर, जवळून चढत जाणारा वरंध घाटाचा रस्ता, आणि पावसाळ्यात घळीशेजारून कोसळणारा प्रचंड धबधबा असे येथील दृश्य असते.

आषाढ-श्रावणातल्या रविवारी अशा ठिकाणी पाहुण्यांची गर्दी होते. धबधब्याचे चित्रण करून ते तेथूनच घरी पाठवावे, असे प्रत्येकाला वाटते. मग थोड्याच वेळात सगळ्यांची एकच तक्रार सुरू होते, ‘रेंज तर पूर्ण दिसते, पण नेट चालत नाही!’ खोऱ्यातल्या घरात बसून गृहपाठ पाठवू पाहणाऱ्या मुलालाही त्याच वेळी तोच अनुभव येतो. त्याने तर दिवसभरात काहीच वापरलेले नसते. मग त्याचा वाटा गेला कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर मोबाईलचा मनोरा आपले काम कसे करतो, आणि एकच मनोरा शेकडो माणसांत कसा वाटला जातो, हे पाहिले पाहिजे. उत्तर नुसते सोयीचे नाही. पावसाळ्यात दरडींच्या छायेत राहणाऱ्या गावांना ते जिवाभावाचे आहे.

लहरींना डोंगराचा अडसर

मोबाईल आणि मनोरा यांच्यामधला संवाद रेडिओलहरींनी चालतो. भारतात त्यासाठी ७००, ८००, ९००, १८००, २१००, २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचे पट्टे वापरले जातात. लहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर आहे. त्याला कंपनसंख्येने भागले की लहरीची लांबी मिळते. ९०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते, तर २३०० मेगाहर्ट्‌झची जेमतेम १३ सेंटिमीटर. लांब लहर अडथळ्याच्या कडेवरून थोडी अधिक वळते, भिंतीतूनही तुलनेने बरी आत शिरते. आखूड लहर मात्र अडथळ्यामागे लवकर क्षीण होते.

पण सह्याद्रीच्या कातळापुढे दोन्हींचे फारसे चालत नाही. सपाट मुलखात एक मनोरा अनेक किलोमीटरांचा टापू सांभाळू शकतो. कोकणातल्या खोऱ्यात मात्र डोंगराची एक सोंड आड आली की पलीकडची वाडी लहरींच्या सावलीत जाते. शिवाय डोंगराळ भागात वस्ती विरळ असल्याने मनोरेही कमी उभारले जातात. परिणामी एका खोऱ्याचा सगळा भार एखाद-दुसऱ्या मनोऱ्यावर पडतो. शहरात एक मनोरा भरला तर शेजारचा मदतीला येतो. खोऱ्यात शेजारी नसतो.

यात आणखी एक गोम आहे. मनोऱ्याचा प्रेषक काही दशक वॅट शक्तीचा असतो. आपल्या हातातील फोन जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॅट शक्तीने बोलतो. म्हणजे मनोऱ्याचा आवाज आपल्याला खणखणीत ऐकू येतो, पण आपला आवाज त्याला कसाबसा पोहोचतो. फोनवरच्या दांड्या मनोऱ्याचा आवाज किती मोठा आहे तेवढेच सांगतात. आपला आवाज तिकडे कसा पोहोचतो, आणि त्या मनोऱ्यापुढे किती जण रांगेत उभे आहेत, हे त्या सांगत नाहीत. ‘रेंज आहे पण नेट नाही’ या कोड्याचा उलगडा येथेच सुरू होतो.

चौकटींचा कागद

आता मनोऱ्याची क्षमता मोजू. समजा, एखाद्या ४-जी मनोऱ्याला १० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा मिळाला आहे. यंत्रणा या पट्ट्याचे ५० बारीक भाग पाडते आणि वेळेचे एक-एक मिलिसेकंदाचे तुकडे करते. गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद डोळ्यांपुढे आणा. उभ्या दिशेने ५० चौकोन, आडव्या दिशेने दर सेकंदाला १,००० चौकोन. एका सेकंदात मनोऱ्याजवळ वाटायला ५०,००० चौकोन असतात. त्यांपैकी काही यंत्रणेच्या स्वतःच्या कामाला लागतात, उरलेले ग्राहकांचे.

प्रत्येक चौकोनात १६८ संकेत मावतात. एका संकेतावर किती बिट लादायचे हे लहरीच्या स्वच्छतेवर ठरते. मनोऱ्याजवळ, आवाज स्पष्ट असेल तेथे, एका संकेतावर ६ बिट बसतात. म्हणजे सेकंदाला ५०,००० × १६८ × ६, असे सुमारे ५ कोटी बिट, अर्थात ५० मेगाबिट. दूरच्या वाडीत, डोंगराच्या आडोशाला, एका संकेतावर २ बिटच घालता येतात. त्यांतीलही बराच भाग चूक सुधारण्यासाठी केलेल्या पुनरुक्तीत जातो. गोंगाटात बोलताना आपण शब्द सावकाश आणि पुन्हा पुन्हा उच्चारतो, तसाच हा प्रकार होय. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट जागेत एका संकेतावर प्रत्यक्ष पोहोचणारी माहिती तीस पटींहून अधिक कमीजास्त असू शकते.

दोनापेक्षा अधिक अँटेना वापरून, पट्टे जोडून किंवा ५-जी तंत्राने हा कागद मोठा करता येतो. पण तो अमर्याद कधीच होत नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली सिद्ध केले, की पट्ट्याची रुंदी आणि संकेत-गोंगाट यांचे गुणोत्तर एकदा ठरले की त्यातून बिनचूक पाठवता येणाऱ्या माहितीला कमाल मर्यादा पडते. कोणतीही हुशारी ती ओलांडू शकत नाही.

जवळचे-दूरचे सारे ग्राहक धरून आपल्या मनोऱ्याच्या एका बाजूची सरासरी क्षमता सेकंदाला २५ मेगाबिट आहे असे मानू. तिच्यात काय काय मावते पाहा. उच्च स्पष्टतेच्या चित्रपटाला सुमारे ५ मेगाबिट लागतात, म्हणजे पाच प्रेक्षकांत मनोरा भरला. साध्या स्पष्टतेला १ मेगाबिट पुरतो, म्हणजे पंचवीस प्रेक्षक. बोलण्यासाठी साधारण ३० किलोबिट लागतात, म्हणजे केवळ बिटांचा हिशेब धरला तर ८०० हून अधिक संभाषणे. आणि मजकूर? देवनागरीतील एका चिन्हाला इंटरनेटवर सहसा ३ बाइट म्हणजे २४ बिट लागतात. काना-मात्रा धरून २०० चिन्हांचा निरोप ४,८०० बिटांत बसतो. असे पाच हजार निरोप एका सेकंदात जातील! पाच जणांचा चित्रपट आणि सेकंदाला पाच हजार निरोप, दोन्हींचे वजन सारखेच आहे.

वाटणी: कोणता न्याय?

दर मिलिसेकंदाला मनोऱ्यातील संगणकाला ठरवावे लागते, की हे चौकोन कोणाला द्यायचे. या कामाला वेळापत्रकाचे काम म्हणता येईल. वाटणीचा नियम कोणता असावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

दोनच ग्राहक घेऊ. एक मनोऱ्याखालच्या दुकानात बसला आहे. सगळे चौकोन त्याला दिले तर त्याला २० मेगाबिटचा वेग मिळेल. दुसरी दूरच्या वाडीतील विद्यार्थिनी. सगळे चौकोन तिला दिले तरी २ मेगाबिटच मिळतील. दोघांनाही एकाच वेळी डेटा हवा आहे.

पहिला नियम असा की, मनोऱ्यातून एकूण जास्तीत जास्त माहिती जावी. मग सगळे चौकोन दुकानातल्या माणसाला. एकूण वेग २०, पण वाडीला शून्य. यंत्र खूष, वाडी उपाशी.

दुसरा नियम, दोघांना अगदी समान वेग. गणित केले तर वाडीला अकरापैकी दहा भाग वेळ आणि दुकानाला एक भाग द्यावा लागतो. दोघांना सुमारे १.८ मेगाबिट मिळतात. पण एकूण वेग २० वरून ३.६ वर घसरला. दूरचे आणखी चार-पाच ग्राहक आले की सगळेच उपाशी.

तिसरा नियम, दोघांना समान वेळ. दुकानाला १०, वाडीला १, एकूण ११. वाडीला दुसऱ्या नियमापेक्षा कमी मिळते हे खरे, पण कोणीही कोरडा राहत नाही आणि मनोऱ्याची क्षमताही फार वाया जात नाही.

प्रत्यक्षात मनोरे या तिसऱ्या नियमाचे सुधारलेले रूप वापरतात. त्याला प्रमाणशीर वाटप म्हणता येईल. फोन हलतो, माणसे आडवी येतात, त्यामुळे प्रत्येकाची लहर क्षणाक्षणाला कमीजास्त होते. संगणक प्रत्येकाची या क्षणाची स्थिती त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून पाहतो, आणि ज्याचा क्षण त्याच्या मानाने सर्वांत चांगला असेल त्याला पाळी देतो. वाडीतल्या मुलीची तुलना दुकानदाराशी होत नाही, तिची तुलना तिच्याशीच होते. हे नियम बाहेरून दिसत नाहीत, पण न्याय कशाला म्हणायचे याचा निर्णय त्यांत दर मिलिसेकंदाला होत असतो.

येथे एक गैरसमज दूर करू. एकाच फोनवर एकाच वेळी दहा गोष्टी उतरवून घेतल्या तर दहा वाटे मिळत नाहीत, कारण वाटणी फोनागणिक होते. तरीही जड वापर करणाऱ्याचा भार पडतोच. गृहपाठ पाठवणारा दोन सेकंद रांगेत येतो आणि निघून जातो, चित्रपट उतरवणारा रांगेतून हलतच नाही. असे चोवीस जण रांगेत ठाण मांडून बसले असतील तर पंचविसाव्याला आपल्या दोन सेकंदांच्या कामाला पन्नास सेकंद लागतात.

रांग एकाएकी का वाढते?

सकाळी छान चाललेले नेट रात्री आठ वाजता एकदम का अडते? ग्राहक काही दसपट झालेले नसतात.

डेन्मार्कमधील आग्नर क्रारुप अर्लांग हा गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत असे. किती ग्राहकांना किती तारा पुरतील, या प्रश्नावर त्याने १९०९ साली पहिला महत्त्वाचा निबंध लिहिला आणि १९१७ साली आपली प्रसिद्ध सूत्रे मांडली. दूरध्वनीच्या वर्दळीच्या एककाला आजही त्याचेच नाव आहे. त्याने सुरू केलेल्या रांगशास्त्रातील एक साधे सूत्र पाहा. गिऱ्हाईके आपापल्या मनाने, अनियमित येत असतील, तर लागणारा सरासरी वेळ हा मोकळ्या खिडकीला लागणाऱ्या वेळेच्या किती पट असतो? एकातून खिडकीचा भार वजा करा आणि उत्तराने एकाला भागा.

खिडकी निम्मी व्यग्र असेल तर वेळ दुप्पट लागतो. भार ८० टक्के झाला तर पाचपट. ९० टक्क्यांना दसपट. ९५ टक्क्यांना वीसपट! ९० वरून ९५, म्हणजे भार जेमतेम पाच टक्के वाढला आणि वाट पाहणे दुप्पट झाले. रेशनच्या दुकानात किंवा एस.टी. स्थानकाच्या खिडकीपाशी हा अनुभव आपण घेतलेला असतो, पण त्यामागे असे काटेकोर गणित असेल हे ध्यानात येत नाही.

याची दुसरी बाजू आशादायक आहे. भरत आलेल्या मनोऱ्यावरून पाच-दहा टक्के भार उतरवला, तरी रांग निम्मी होते. सगळ्यांनी फोन बंद करण्याची गरज नसते. थोड्यांनी थोडे थांबणे पुरते.

डेटा साठत नाही

आपण ‘दोन जीबी डेटा’ असे म्हणतो तेव्हा आपल्या मनात पाण्याच्या टाकीचे चित्र असते. टाकीतून मी दोन हंडे घेतले, तर तेवढे पाणी कमी झाले. पण मनोऱ्याचा कागद टाकीसारखा नाही. तो एस.टी.च्या गाडीसारखा आहे. पहाटेच्या गाडीत रिकामी राहिलेली आसने संध्याकाळच्या गर्दीला कामी येत नाहीत. गाडी सुटली की ती आसने गेली. पहाटे तीन वाजता कोरे गेलेले चौकोनही तसेच कायमचे गेले.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. दुसऱ्याला त्रास होतो की नाही हे तुम्ही किती डेटा वापरला यापेक्षा तो केव्हा आणि कोठे वापरला यावर अधिक अवलंबून असते. रात्री दोन वाजता घरी दोन जीबी उतरवणारा कोणाच्याही पानातले काढून घेत नाही. रविवारी दुपारी धबधब्यापाशी २०० मेगाबाइटचे चित्रण पाठवणारा मात्र १,६०० मेगाबिट मागतो. चढत्या दिशेची क्षमता समजा १० मेगाबिट असेल, तर त्याचे एकट्याचे काम सगळा मनोरा २ मिनिटे ४० सेकंद अडवून ठेवील.

कंपन्या मात्र बहुधा एकूण वापरावर मर्यादा घालतात. रोज दीड-दोन जीबी संपले की पुढे वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर आणायचा, अशी अट आपल्याकडच्या बहुतेक योजनांत असते. ६४ किलोबिटमध्ये काय होते? २०० चिन्हांचा निरोप सेकंदाच्या दहाव्या भागात जातो. पण २ मेगाबाइटचे पान उघडायला २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक लागतात. ही अट सोपी आहे, सर्वांना आधी कळते, मोजायलाही सुलभ आहे, हा तिचा गुण. पण मनोरा रिकामा असतानाही ती लागू होते. अशा वेळी विद्यार्थ्याचे नुकसान होते आणि लाभ कोणालाच होत नाही. अमेरिकेतील काही कंपन्यांच्या योजनांत वेगळी पद्धत आहे. ठरावीक वापरानंतर ग्राहकाला रांगेत मागे उभे करतात, पण त्याचा परिणाम गर्दी असेल तेव्हाच होतो. मनोरा मोकळा असला की त्यालाही पूर्ण वेग मिळतो. गणिताच्या दृष्टीने ही पद्धत अधिक नेमकी आहे. मात्र ग्राहकाला केव्हा किती वेग मिळेल हे तिच्यात आधी सांगता येत नाही.

देशाचा वापर किती वाढला आहे, हेही लक्षात घ्यावे. २०१४ साली भारतातील मोबाईल-डेटा ग्राहक महिन्याला सरासरी १०० मेगाबाइटहून कमी वापरत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४-जी सेवा सुरू झाली, दर कोसळले, आणि २०२३ पर्यंत हा आकडा २० जीबीच्या घरात गेला. वापर दोनशे पटींवर गेला, पण डोंगरातले मनोरे काही दोनशे पट झाले नाहीत.

टाळेबंदीतला धडा

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देश घरात बसला. शाळा, कचेऱ्या आणि करमणूक सारे एकदम नेटवर आले. तेव्हा २४ मार्च २०२० रोजी चित्रपट व चित्रफिती पुरवणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवले, की १४ एप्रिलपर्यंत मोबाईल जाळ्यांवर ४८० ओळींपेक्षा अधिक स्पष्टतेचे चित्र द्यायचे नाही. १,०८० ओळींच्या चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात, ४८० ओळींच्या चित्रात सुमारे ४ लाख. हातातल्या लहान पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही, पण भार मात्र कितीतरी हलका होतो. कोणाचे काही बंद न करता सर्वांना जागा करून देण्याचा हा चांगला नमुना होय.

त्याच काळात कोकणातील कितीतरी विद्यार्थी लहरींच्या शोधात डोंगरावर जाऊन बसत होते, हेही विसरता कामा नये. वाटणी कितीही न्यायाची असली, तरी जेथे मनोराच पोहोचत नाही तेथे वाटायला काही नसते.

पावसाळी रात्र

आता या विषयाच्या सर्वांत गंभीर भागाकडे येऊ. महाड परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै २००५ मध्ये याच तालुक्यात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यातही त्याच दिवशी दरडींनी बळी घेतले. महाड शहर सावित्रीच्या पुराने वेढलेले होते, रस्ते तुटले होते, वीज आणि मोबाईल यंत्रणा कोलमडली होती. त्यामुळे बातमी बाहेर पडणे आणि मदत आत पोहोचणे, दोन्ही कठीण झाले.

अशा रात्री जाळ्यावर तिहेरी संकट येते. पहिले, वीज जाते. मनोरा काही तास बॅटरीवर आणि नंतर डिझेलच्या जनित्रावर चालतो, पण रस्ता तुटल्यावर डिझेल पोहोचणार कसे? दुसरे, मनोरा स्वतः बाहेरच्या जगाशी जोडलेला असावा लागतो. ही जोडणी जेथे काचतंतूची नसते तेथे डोंगरावरून डोंगरावर रोखलेल्या सूक्ष्मलहरींची असते. फोनच्या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही. पण या जोडणीच्या लहरी बहुधा दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या असतात, आणि पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे. मुसळधार पावसात अशा लहरी शोषल्या आणि विखुरल्या जातात. दुवा तुटू नये म्हणून यंत्रणा एका संकेतावर कमी बिट लादते, म्हणजेच क्षमता आपोआप घटवते. तिसरे, नेमक्या त्याच वेळी प्रत्येक जण फोन उचलतो. कागद लहान होतो आणि मागणारे वाढतात. रांगेचे सूत्र येथे किती निर्दय ठरते याची कल्पना करा.

म्हणून अशा वेळी ‘आधी कोण?’ हे ठरलेले असणे आवश्यक असते. ४-जी यंत्रणेत संभाषणाच्या पाकिटांना चित्रपटाच्या पाकिटांपेक्षा अग्रक्रम असतो. दर २० मिलिसेकंदांनी निघणारे आवाजाचे छोटे पाकीट रांगेच्या पुढे नेले जाते. घाटात रुग्णवाहिकेला वाट देतात तसेच हे. मात्र पैसे घेऊन एका संकेतस्थळाला पुढे आणि दुसऱ्याला मागे करणे ही वेगळी गोष्ट झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, आणि जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट-समानतेचे तत्त्व स्वीकारले. त्यात गर्दीचे वाजवी नियमन आणि आपत्कालीन सेवा यांना सूट ठेवलेली आहे. रुग्णवाहिकेला वाट द्यावी, श्रीमंताच्या मोटारीला नव्हे, असे त्याचे थोडक्यात सार सांगता येईल.

सूचना देण्याचाही शहाणा मार्ग आहे. हजार जणांना हजार वेगवेगळे निरोप पाठवण्याऐवजी मनोऱ्याने एकच संदेश सर्वांसाठी प्रसारित करावा, आकाशवाणीच्या बातम्यांप्रमाणे. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, भार तेवढाच. सी-डॉट या सरकारी संस्थेने विकसित केलेल्या अशा यंत्रणेची चाचणी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सहकार्याने २०२३ साली घेण्यात आली. तेव्हा असंख्य फोन एकाच वेळी मोठ्याने वाजल्याचे अनेकांना आठवत असेल. तसेच आपत्तीत एका कंपनीचा मनोरा पडला तर तिच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावर सामावून घेण्याची सोय करता येते. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी गुजरातेत ती करण्यात आली होती.

उपाय कोणते?

मोठे उपाय सरकारने आणि कंपन्यांनी करायचे आहेत. डोंगराळ भागात अधिक मनोरे हवेत, त्यांना काचतंतूची जोडणी हवी, आणि बॅटऱ्या अधिक काळ टिकणाऱ्या हव्यात. कुंभमेळ्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी चाकांवरचे फिरते मनोरे उभे करतात. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर किंवा ६ जूनला रायगडावर हजारो माणसे जमतात, तेव्हा एरवी पुरणारी क्षमता कशी पुरेल याचा विचार आधीच करावा लागतो.

छोटे उपाय आपल्या हाती आहेत. मोठ्या फाइली आणि फोनची अद्ययावत रूपे रात्री उशिरा किंवा वाय-फायवर उतरवावीत. लहान पडद्यावर ४८० ओळींचे चित्र पुरते. वर्गातल्या तीस मुलांनी एकच पाठ तीस वेळा उतरवण्याऐवजी शिक्षकांनी तो एकदा उतरवून मुलांना शाळेतच जवळून वाटावा. धबधब्याचे चित्रण घरी गेल्यावर पाठवले तर धबधबा काही आटत नाही. आणि अतिवृष्टीच्या रात्री चित्रफिती पाठवू नयेत, लिहून निरोप द्यावा. साधा एसएमएस देवनागरीत ७० चिन्हांचा असतो. ‘आम्ही सुखरूप, शाळेत आहोत’ एवढे त्यात सहज मावते, आणि नेट चालत नसतानाही तो बहुधा निघून जातो. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२ हा क्रमांक लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा मनोरा टप्प्यात असेल तर तो लागू शकतो.

करून पाहा

पाच मेगाबाइटची एक ठरावीक फाइल निवडा. ती म्हणजे ४० मेगाबिट. आठवडाभर रोज पहाटे सहा, दुपारी एक, रात्री आठ आणि रात्री साडेदहा वाजता एकाच जागी बसून ती उतरवा आणि लागलेले सेकंद लिहा. ४० ला सेकंदांनी भागले की वेग मिळेल. शेजारी फोनवरच्या दांड्या किती होत्या तेही नोंदवा. वर्गातील वेगवेगळ्या वाड्यांवरच्या मुलांचे आकडे एकत्र करून आलेख काढा. मग पुढील प्रश्नांची उत्तरे शोधा. दांड्या सारख्या असूनही वेग बदलला का? गर्दीची वेळ कोणती? सर्वांत कमी वेग कोणत्या वाडीला मिळाला, आणि तिच्या व मनोऱ्याच्या मध्ये कोणता डोंगर येतो?

ही नोंद वहीत पडून राहू देऊ नका. मुख्याध्यापकांच्या पत्रासह ती ग्रामपंचायतीला आणि सेवा देणाऱ्या कंपनीला पाठवा. ‘नेट चालत नाही’ ही तक्रार सगळेच करतात. कोणत्या वाडीत, किती वाजता, किती मेगाबिट, हे मोजून सांगणारे पत्र मात्र क्वचितच कोणी पाठवते, आणि अशा पत्राला उत्तर देणे भाग पडते.